‘लोकांनाच मोठी गाडी हवी’ म्हणे!

अमेरिकेतल्या मोटार उद्योगाचा विषय निघाला की एक वाक्य हमखास कानावर पडतं. ‘कंपन्या तरी काय करणार? लोकांनाच मोठ्या गाड्या हव्यात!’ पॉटलकला ताट हातात घेऊन उभी असलेली मंडळी हे म्हणतात, मुलांच्या सॉकरच्या मैदानाच्या कडेला खुर्च्या टाकून बसलेले पालक म्हणतात आणि डेट्रॉईटच्या आसपास या धंद्यातच नोकरी करणारे आपले इंजिनिअरही म्हणतात. बोलण्याचा सूर असा, की जणू एसयूव्हीचं वेड अमेरिकन माणसाच्या पत्रिकेतच लिहिलेलं आहे.

माझं म्हणणं अगदी उलट आहे. ही आवड घडवलेली आहे. साठ वर्षांची जकात, कायद्यातल्या पळवाटा आणि करसवलती यांच्या खतपाण्यावर ती वाढवलेली आहे. त्या आवडीवर गब्बर झालेला उद्योग एकदा दिवाळखोरीत गेला, लोकांच्या करातून वाचवला गेला आणि आज पुन्हा त्याच वाटेने निघाला आहे. ‘बाजाराने ठरवलं’ म्हणणाऱ्यांनी निदान हा इतिहास एकदा डोळ्यांखालून घालावा.

सुरुवात कोंबडीपासून करायला हवी. थट्टा नाही. १९६०च्या सुमारास अमेरिकेतली स्वस्त गोठवलेली कोंबडी पश्चिम जर्मनीत धो धो विकली जाऊ लागली. तिथल्या शेतकऱ्यांनी ओरड केली आणि युरोपच्या सामायिक बाजारपेठेने तिच्यावर जबर कर बसवला. वाटाघाटी फसल्या. त्याचं उट्टं काढायला अध्यक्ष लिंडन जॉन्सन यांनी डिसेंबर १९६३मध्ये बटाट्याचा स्टार्च, डेक्स्ट्रिन, ब्रँडी आणि हलके ट्रक यांच्यावर २५ टक्के जकात लावली. ट्रकच्या कलमाचा रोख फोक्सवॅगनच्या व्हॅन आणि पिकअपवर होता. बाकीच्या तीन वस्तूंवरची जकात यथावकाश उतरली. ट्रकवरची मात्र आजही जागेवर आहे. साध्या मोटारीवर कित्येक दशकं अडीच टक्के आणि पिकअपवर पंचवीस! परदेशी स्पर्धक दाराबाहेर उभा आणि आत तीन कंपन्यांचं राज्य. ज्या मालावर स्पर्धा नाही त्यात नफा जास्त, आणि ज्यात नफा जास्त तो माल गिऱ्हाइकाच्या गळ्यात मारायची घाईही जास्त. हे समजायला एमबीए लागत नाही. आपल्या कोपऱ्यावरच्या वाण्यालाही ते कळतं.

या जकातीचा शेवटचा विनोद तर खुद्द फोर्डवरच झाला. ट्रान्झिट कनेक्ट ही छोटी व्हॅन फोर्ड तुर्कस्तानात बनवून आणत असे. जहाजातून उतरताना तिला मागच्या सीट आणि खिडक्या असत, म्हणजे ती ‘प्रवासी गाडी’. बंदरातून सुटली की त्या सीट काढून टाकायच्या आणि ती मालवाहू व्हॅन म्हणून विकायची. या उद्योगाबद्दल २०२४मध्ये फोर्डने सरकारला ३६.५ कोटी डॉलर मोजून प्रकरण मिटवलं. ज्या भिंतीआड बसून नफा कमावला तीच भिंत चोरून ओलांडताना पकडले गेले!

आता दुसरी पळवाट. १९७३च्या अरब तेलबंदीनंतर गॅस स्टेशनवर रांगा लागल्या आणि १९७५मध्ये काँग्रेसने मायलेजचा कायदा केला. मोटारींची सरासरी १९८५पर्यंत गॅलनमागे २७.५ मैलांवर न्यायची असं ठरलं. पण ‘हलक्या ट्रक’साठी वेगळा, सैल निकष ठेवला. त्या वेळी त्यात गैर काही नव्हतं. ट्रक म्हणजे शेतकऱ्याचा, सुताराचा, प्लंबरचा. त्याला ओझं वाहायचंय, त्याला सूट द्या. १९९०च्या दशकाच्या उत्तरार्धात हा ट्रकचा निकष २०.७ मैलांवर होता आणि वर्षानुवर्षं तिथेच बसून राहिला.

कंपन्यांनी मग काय केलं? ट्रकच्या सांगाड्यावर गालिचा अंथरला, कपहोल्डर बसवले, मागे मुलांसाठी सीट दिल्या आणि त्याला ‘स्पोर्ट युटिलिटी’ असं नाव दिलं. १९९०मध्ये आलेली फोर्ड एक्सप्लोरर रेंजर पिकअपच्या पायावर उभी होती. तिच्यात सुतार बसला नाही. उपनगरातलं कुटुंब बसलं. कायद्याच्या लेखी मात्र तो ट्रकच. १९७८मध्ये जास्त पेट्रोल पिणाऱ्या गाड्यांवर ‘गॅस गझलर’ कर आला, तो फक्त मोटारींना. १९९१पासून महागड्या गाड्यांवर चैनीचा कर लागला, त्यातूनही जड ट्रक सुटले. ८,५०० पौंडांहून जास्त भारक्षमतेच्या गाड्यांना तर मायलेजचा नियमच नव्हता. हमर एच-२ इतकी अवाढव्य होती, की शोरूममध्ये तिच्या काचेवर मायलेजचा आकडा लावायचीसुद्धा सक्ती नव्हती. दारूच्या बाटलीवर इशारा छापायचा, पण पिंपावर नको, असा हा न्याय.

त्यावर कडी केली करखात्याने. २००३मध्ये छोट्या धंदेवाल्यांना सहा हजार पौंडांपेक्षा जड गाडीची एक लाख डॉलरपर्यंतची किंमत पहिल्याच वर्षी वजा करण्याची मुभा मिळाली. दंतवैद्य, वकील, रिअल इस्टेट एजंट, सगळे एकदम ‘ट्रकवाले’ झाले. पुढच्या वर्षी ओरड झाल्यावर एसयूव्हींसाठी ही मर्यादा २५ हजारांवर आणली गेली. अकाउंटंट स्वतःच ‘सहा हजार पौंडांवरची घ्या’ असा सल्ला देत असेल, तर त्याला आवड म्हणायचं की अनुदान?

पुढे सुधारणा झाली, पण तीही अशी, की रोगापेक्षा औषध भारी. २००७च्या कायद्यानंतर मायलेजचं लक्ष्य गाडीच्या चार चाकांमधल्या क्षेत्रफळावर ठरू लागलं. गाडी मोठी तर लक्ष्य सोपं. शिवाय मोटार आणि ट्रक हा भेद राहिलाच. आजही एकाच मॉडेलची दोन चाकांना गती देणारी आवृत्ती ‘कार’ ठरते आणि चारही चाकांना गती देणारी ‘हलका ट्रक’. अशा नियमात कोणता शहाणा कारखानदार लहान गाडी बनवेल? नव्या गाड्यांमध्ये आज निम्म्याहून पुष्कळ जास्त या ट्रक वर्गात मोडतात. १९७५मध्ये चित्र अगदी उलटं होतं. पन्नास वर्षांत अमेरिकेत सुतार वाढले नाहीत; पळवाटा वाढल्या.

मोठी गाडी बनवायला खर्च थोडा जास्त येतो, पण किंमत पुष्कळच जास्त लावता येते. एकेका मोठ्या एसयूव्हीमागे हजारो डॉलर सुटू लागले तेव्हा लहान गाडीत डोकं घालायची इच्छाच कोणाला उरली नाही. जनरल मोटर्सकडे १९९६मध्ये ईव्ही-१ ही विजेवरची मोटार रस्त्यावर होती. ती त्यांनी भाड्याने दिली, मग परत गोळा केली आणि बहुतेक गाड्या चिरडून टाकल्या. त्याच कंपनीने १९९९मध्ये हमर हे नाव विकत घेतलं. त्याच सुमारास टोयोटा प्रियस घेऊन अमेरिकेत उतरत होती. कोणाची नजर कुठे होती हे यावरून समजावं.

एक्सप्लोररची चमक तर २०००मध्येच उतरायला हवी होती. फायरस्टोनच्या टायरचं आवरण सुटायचं आणि उंच गाडी कोलांटी खायची. ६५ लाख टायर परत मागवावे लागले. सरकारी यंत्रणेने २७१ मृत्यूंचा संबंध त्या टायरशी जोडला. टायर कंपनी म्हणे गाडी वाईट, गाडी कंपनी म्हणे टायर वाईट. पण लोक विसरले, आणि ११ सप्टेंबरनंतर शून्य टक्के व्याजाच्या योजना निघाल्यावर तर सगळंच विसरले.

मग आलं २००८. जुलैमध्ये तेल पिंपामागे १४७ डॉलरला भिडलं आणि गॅस गॅलनला चार डॉलरच्या वर गेला. एसयूव्ही डीलरच्या अंगणात पडून राहिल्या. विस्कॉन्सिनमधल्या जेन्सव्हिलचा जनरल मोटर्सचा कारखाना १९१९पासूनचा. तिथे टाहो आणि सबर्बन बनत. २३ डिसेंबर २००८ला, नाताळच्या दोन दिवस आधी, तिथली शेवटची टाहो बाहेर पडली. त्याआधी महिनाभर तिन्ही कंपन्यांचे प्रमुख मदत मागायला वॉशिंग्टनला गेले होते, तेही तीन वेगवेगळ्या खासगी विमानांनी. जनरल मोटर्सचा त्या वर्षीचा तोटा जवळजवळ ३१ अब्ज डॉलर होता. २००९च्या एप्रिलअखेर क्रायस्लर आणि १ जूनला जनरल मोटर्स दिवाळखोरीत गेल्या. सरकारने या उद्योगात सुमारे ८० अब्ज डॉलर घातले आणि ते सगळे परत आले नाहीत. तुम्ही-आम्ही इथे कर भरतो. ते पैसे आपलेही होते.

आता प्रामाणिक आक्षेपांकडे येऊ, कारण सगळेच आक्षेप पोकळ नाहीत.

पहिला आक्षेप असा, की युनियनचे करार आणि निवृत्तांचा दवाखान्याचा खर्च यांमुळे डेट्रॉईटला लहान गाडीत नफाच शक्य नव्हता. यात तथ्य आहे. जनरल मोटर्सच्या प्रत्येक गाडीमागे सुमारे दीड हजार डॉलर आरोग्यखर्चाचे असत, असं त्या काळी सांगितलं जाई. पण त्या करारांवर सह्या केल्या व्यवस्थापनानेच. शिवाय निवृत्तांच्या आरोग्याचा भार २००७च्या करारानंतर वेगळ्या निधीकडे गेला आणि दिवाळखोरीत उरलंसुरलं ओझंही बरंच हलकं झालं. ओझं उतरल्यावर तरी लहान गाडी सुधारली का? एप्रिल २०१८मध्ये फोर्डने जाहीर केलं, की मस्टँग सोडून जवळजवळ सगळ्या मोटारी उत्तर अमेरिकेत बंद करणार. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये जनरल मोटर्सने ओहायोतल्या लॉर्ड्सटाउनचा कारखाना बंद करण्याची घोषणा केली. तिथे शेव्हरोले क्रूझ ही सेडान बनत असे. उलट टोयोटा कॅमरी केंटकीत, जॉर्जटाउनला, अमेरिकन कामगारांच्या हातूनच बनते आणि वर्षाला तीन लाखांच्या आसपास खपते. होंडा सिव्हिक इंडियानात बनते. ‘सेडान कोणालाच नको’ हे खरं असेल, तर या घेतं कोण? नाचता येईना अंगण वाकडं, दुसरं काय!

दुसरा आक्षेप आपल्या घरातला आहे. ‘मुलं आहेत हो, सुरक्षित वाटतं.’ या वाक्यामागची काळजी खरी आहे, तिची टिंगल मी करणार नाही. पण ही सुरक्षितता येते कुठून? बहुतांशी समोरच्याच्या वाट्याची काढून घेऊन. अमेरिकेत २००९मध्ये सुमारे ४,१०० पादचारी गाड्यांखाली मेले. २०२२मध्ये साडेसात हजारांहून जास्त. याच काळात बहुतेक श्रीमंत देशांत हा आकडा खाली आला. मोबाइल फोन, रुंद रस्ते, अपुरा उजेड ही कारणं आहेतच. पण महामार्ग सुरक्षेची विमा संस्था म्हणजे आयआयएचएस, तिच्या २०२३च्या अभ्यासात दिसलं, की बॉनेटची उंची ४० इंचांहून जास्त असलेल्या गाड्यांच्या धडकेत पादचारी दगावण्याची शक्यता ठेंगण्या, उतरत्या नाकाच्या गाड्यांपेक्षा सुमारे ४५ टक्के जास्त असते. कारण सोपं आहे. सेडान पायांना लागते आणि माणूस बॉनेटवर पडतो. उंच गाडी छातीला आणि डोक्याला लागते, आणि माणूस खाली जातो. चाळीस इंच म्हणजे साधारण चार-पाच वर्षांच्या मुलाची उंची. आपलं मूल गाडीत असतं तेव्हा आपण त्याचा विचार करतो. तेच मूल शाळेसमोर रस्ता ओलांडतं तेव्हा समोरच्या गाडीच्या चालकाला ते दिसतं का, याचाही विचार करायला हवा. युरोपातल्या चाचण्यांत १९९७पासून पादचाऱ्याच्या सुरक्षिततेला गुण आहेत. अमेरिकेतल्या तारे देण्याच्या पद्धतीने अनेक दशकं फक्त आत बसलेल्यांचाच विचार केला.

आणि बर्फ? चारही चाकांना गती मिळाली की गाडी बर्फातून सुटते लवकर, हे कबूल. पण थांबते ती टायरवर. मिशिगनच्या हिवाळ्यात हायवेच्या कडेच्या खड्ड्यात तिरक्या पडलेल्या गाड्या मोजून पाहा. त्यात उंच गाड्या काही कमी नसतात.

तिसरा आक्षेप, ‘आता विजेच्या गाड्या येताहेत, प्रश्न सुटला.’ कसा सुटला? जनरल मोटर्सने विजेवरची हमर काढली. तिचं वजन नऊ हजार पौंडांच्या वर. नुसती बॅटरीच जवळजवळ एका अख्ख्या सिव्हिकच्या वजनाची! विजेची गाडी लहान, स्वस्त आणि हलकी करायची अक्कल शिकण्याऐवजी जुन्याच हावेला नवी वायर जोडली.

ही अक्कल शिकलं कोण? चीन. २०२३मध्ये चीन जपानला मागे टाकून जगातला सर्वांत मोठा वाहन निर्यातदार झाला. बीवायडीची सीगल ही विजेची छोटी गाडी तिथे दहा हजार डॉलरच्या आसपास मिळते. अमेरिकेचं उत्तर काय, तर २०२४मध्ये चिनी विजेच्या गाड्यांवर शंभर टक्के जकात. म्हणजे कोंबडीचाच जुना प्रयोग, चौपट जोराने. चिनी सरकारच्या अनुदानाचा मुद्दा खोटा नाही. पण जकातीच्या भिंतीआड साठ वर्षं बसून जे झालं ते समोर असताना आणखी उंच भिंत बांधणं म्हणजे आजाऱ्याला पुन्हा तेच पथ्य मोडायला सांगणं.

भिंतीबाहेर काय झालं तेही पाहा. जनरल मोटर्सने २०१७मध्ये चीनमध्ये ४० लाखांवर गाड्या विकल्या, २०२४मध्ये २० लाखही नाहीत. जवळजवळ नव्वद वर्षं हातात असलेली जर्मनीची ओपेल त्यांनी २०१७मध्ये विकून टाकली. फोर्डने २०२१मध्ये ब्राझीलमधले कारखाने बंद केले आणि भारतात गाड्या बनवणं थांबवण्याची घोषणाही त्याच वर्षी केली. पुण्याजवळच्या तळेगावला जनरल मोटर्सने २००८मध्ये कारखाना सुरू केला होता. २०२० संपता संपता तो बंद पडला आणि आज तो ह्युंदाईच्या ताब्यात आहे. जिथे लहान, काटकसरी, चांगली गाडी लागते तिथे डेट्रॉईटला टिकता आलं नाही. विहिरीतल्या बेडकाला विहीर केवढीही मोठी वाटली तरी समुद्रात पोहायचं म्हटलं की पंचाईत होते.

नियम गाडी घडवतात याचा पुरावा हवा असेल, तर आपल्या मायदेशाकडे पाहा. २००६च्या अर्थसंकल्पात चार मीटरपेक्षा आखूड आणि छोट्या इंजिनाच्या गाड्यांवरचं उत्पादन शुल्क २४ वरून १६ टक्क्यांवर आणलं गेलं. पाहता पाहता सगळ्या कंपन्या चार मीटरच्या आत गाडी बसवू लागल्या. कोणी सेडानची डिकी छाटली, कोणी एसयूव्हीच छोटी केली. भारतीय माणसाला चार मीटरचंच वेड होतं का? नाही. जिथे सवलत तिथे गाडी, एवढंच. तिकडे सवलत आखूडपणाला मिळाली, इकडे जडपणाला.

आणि २०२५मध्ये अमेरिकेने काय केलं? जुलैत सही झालेल्या कायद्याने मायलेजचा निकष न पाळणाऱ्या कंपन्यांचा दंड शून्यावर आणला आणि विजेच्या गाडीवरची साडेसात हजार डॉलरची सवलत ३० सप्टेंबरला संपवली. थोडक्यात, पुन्हा मोठ्या गाड्यांची चंगळ. पण नव्या गाडीची सरासरी किंमत त्याच सप्टेंबरमध्ये ५० हजार डॉलरच्या पुढे गेली, आणि नव्या गाडीच्या कर्जाचा सरासरी हप्ता सातशे डॉलरच्या वर आहे. नुकती नोकरीला लागलेली तरुण मुलगी किंवा दोन पाळ्यांत राबणारं कुटुंब काय घेणार? त्यांच्या ऐपतीची अमेरिकन गाडी डेट्रॉईटने स्वतःहून मोडीत काढली आहे. पुन्हा तेल भडकलं, व्याज चढलं किंवा मंदी आली, की २००८चा प्रयोग नव्या संचात रंगेल.

त्या प्रयोगात आपली माणसं बळी जातील, म्हणून हे सगळं पोटतिडकीने लिहितो आहे. ट्रॉय, नोव्हाय, कँटन या गावांत मराठी कुटुंबं दाट वस्तीने राहतात. पुण्या-मुंबईच्या कॉलेजांतून निघालेली पोरं इथल्या टेक सेंटरमध्ये इंजिनांचे, बॅटऱ्यांचे, सॉफ्टवेअरचे प्रोग्रॅम सांभाळतात. प्रोग्रॅम रद्द झाला की पहिली कुऱ्हाड त्यांच्यावर. एच-१बी व्हिसावर असाल तर नोकरी गेल्यावर नवी शोधायला जास्तीत जास्त साठ दिवस, आणि ही सवलतसुद्धा २०१७पासूनची. २००८-०९मध्ये तीही नव्हती. घराचा हप्ता, मुलांची शाळा, ग्रीन कार्डची रांग, सगळं त्या साठ दिवसांत. वरच्या मजल्यावर बसलेल्यांनी ‘लोकांनाच मोठी गाडी हवी’ म्हणत घेतलेल्या निर्णयाची किंमत खालच्या मजल्यावर अशी वसूल होते.

मग काय करावं? उपाय अवघड नाहीत, मन करायला हवं. मोटार आणि ट्रक हा कागदी भेद संपवा. माणसं वाहणारी प्रत्येक गाडी एकाच मापाने मोजा, आणि ते माप गाडी फुगवली म्हणून सैल होता कामा नये. कोंबडीची जकात टप्प्याटप्प्याने उतरवा. पेट्रोलवरचा केंद्रीय कर १९९३पासून गॅलनला १८.४ सेंटवर थिजला आहे, तो हलवा. गाडीच्या वजनाप्रमाणे नोंदणीचे पैसे घ्या. वॉशिंग्टन डी.सी.मध्ये सहा हजार पौंडांवरच्या गाडीला वर्षाला ५०० डॉलर पडतात, आणि तिथे आभाळ कोसळलेलं नाही. सुताराला, शेतकऱ्याला खरोखरच ट्रक लागतो; त्याला सवलत जरूर द्या, पण त्याच्या नावावर बाकीच्यांनी मेजवानी झोडू नये.

ज्यांना इथे मत आहे त्यांनी आपल्या लोकप्रतिनिधीला हे विचारावं. ज्यांना मत नाही त्यांच्याकडे पाकीट आहे. पुढची गाडी घेताना वर्षातून एकदा येणाऱ्या पाहुण्यांसाठी तिसरी रांग घेऊ नका. त्या आठवड्यापुरती व्हॅन भाड्याने मिळते. आणि कंपनीत असाल, तर पुढच्या मीटिंगमध्ये कोणी ‘लोकांनाच मोठी गाडी हवी’ म्हणाला, की त्याला एवढंच विचारा: लोकांना दुसरं काही नीट बनवून दाखवलंत कधी?